दहिवराची हाळी

आमच्या सांगवीच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण सुगीत त्याला कुणी विचारत नसे. ते बिचारं आपले टोले देत राही, आणि घरातली माणसं उठत ती आत्याच्या हाळीवर. आत्या म्हणजे माझ्या आबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हा लेकीला कडेवर घेऊन ती भावाकडं आली आणि मग त्या घराचीच होऊन गेली. आबा शेताचे मालक, आई चुलीची मालकीण, आणि आत्या वेळेची. कोणतं काम कधी करायचं हे तिनं सांगायचं आणि बाकीच्यांनी कुरकुरत ऐकायचं, असा कारभार होता. ती बुटकी होती, पण आवाज असा, की कालव्यापलीकडं उसाला पाणी देणारा माणूस तिथूनच ‘ओ’ द्यायचा. मला तिची भीती वाटायची आणि तिच्यासारखं व्हावं असंही मनातून फार वाटायचं. हे दुसरं मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या वयात मुलीनं कुणासारखं व्हायचंच असेल तर आईसारखं व्हायचं, एवढंच आमच्याकडं माहीत होतं.

आमची जमीन कालव्याच्या दोन्ही अंगांना. खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला माळापर्यंत शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी. शाळू उपटून ओळीनं आडवा पाडायचा, कणसं खुडून खळ्यावर न्यायची आणि मागं उरलेली ताटं उन्हात वाळू द्यायची. हाच कडबा. पुढचं वर्षभर बैलांनी आणि म्हशींनी खायचं ते हेच, म्हणून वाळला की त्याच्या पेंढ्या बांधून गंज रचायची. आता कुणी म्हणेल, वाळकी ताटं ती, कधीही बांधावीत. तिथंच फसतं. कडब्यात जीव असतो तो पाल्याचा. दिवसा उन्हात हात लावला की पाला चुरून खाली पडतो, आणि पेंढी म्हणून जे हातात राहतं ते नुसतं चिपाड. बैल ते हुंगून तोंड फिरवतात. म्हणून कडबा बांधायचा तो पहाटे, दहिवर पडल्यावर. दहिवर म्हणजे दव, पण दव म्हटलं की मला पाठ्यपुस्तकातलं काहीतरी वाटतं, दहिवर म्हटलं की हातापायांना गार लागतं. तर दहिवरानं पाला नरम होतो, वाकतो, तुटत नाही. पण ते फार झालं आणि ताटांवरून पाणी ठिबकायला लागलं, तर बांधलेली पेंढी गंजीत आतून बुरसते. म्हणजे पाला नरम झालेला हवा आणि हाताला पाणी लागता कामा नये. ही वेळ रोज वेगळी, आणि आली की दिवस कासराभर वर येईपर्यंतच टिकणारी. तेवढ्यात माणसं शेतात हवीत, झोपेत नकोत.

ही वेळ आत्या कानानं ओळखायची. पहाटे उठून एकटीच वर जायची, कडब्याची मूठभर ताटं उचलून कानाशी धरून हलवायची. करकर वाजली की परत येऊन चुलीपुढं बसायची. थोड्या वेळानं पुन्हा जायची. ताटं गप झाली की बांधावर उभी राहून हाळी द्यायची. एकेकाचं नाव घेऊन द्यायची, मोघम नाही. मोघम हाक मारली की प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी उठेल. त्या हाळीनं आधी आमचं घर उठायचं, मग कालव्याखालचं तात्यांचं आणि मग ओढ्याकडचं मास्तरांचं. आमची तिघांची सावड होती, म्हणजे एकमेकांच्या रानात एकमेकांनी राबायचं, मजुरी नाही की हिशेब नाही. शाळूची रानं तिघांचीही वर, माळालगत एकमेकांना लागून. तात्या हे आबांचे चुलतभाऊ, अंगानं दणकट आणि नाकावर राग. मास्तर म्हणजे भीमराव मास्तर, बारामतीच्या शाळेत शिकवायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पेंढ्या बांधायचे आणि तिथूनच सायकलवर टांग टाकून शाळेला जायचे. त्यांच्या बायको रत्नाकाकी पेंढी बांधण्यात तिन्ही घरांत पहिल्या. दोन ताटं पिळून त्यांचाच बंध करायच्या आणि गुडघा दाबून असा काही आवळायच्या, की पेंढी कण्हल्यासारखी वाटायची.

काम संपलं की तिथंच बांधावर न्याहारी. आई टोपलं डोक्यावर घेऊन यायची. शाळूच्या नव्या ज्वारीच्या भाकरी, त्यांचा पापुद्रा अजून फुगलेला, लसणाचा ठेचा, शेंगदाण्याची ओली चटणी, वांग्याचं भरीत, आणि ज्यांच्या म्हशीला दूध असेल त्यांच्याकडचं दही. हात कडब्यानं चरचरत असायचे, त्यात ठेचा लागला की माणसं हाय हाय करायची आणि तरी आणखी मागून घ्यायची. खालच्या रस्त्यानं ऊसतोडीवाल्यांच्या बैलगाड्या कारखान्याकडं चाललेल्या असायच्या. त्यांच्या घुंगरांचा आवाज वरपर्यंत यायचा. मी पुढं इंदापूरकडं सून म्हणून गेले, बरंच काही खाल्लं-प्यायलं, पण त्या भाकरीला जी भूक लागायची ती भूक पुन्हा कधी लागली नाही. आता तर डॉक्टरांनी भूक नसतानाच खायला सांगितलंय.

हल्ली मी बारामतीत असते. परवाच भाचा विक्रम मला सांगवीला घेऊन गेला, तिथलं शेत आता तोच बघतो. गोठ्यासाठी लसूणघास वाळवून त्याच्या गाठी बांधून घ्यायच्या होत्या आणि त्यासाठी इंदापूरकडचा बेलरवाला बोलावला होता. ट्रॅक्टरमागं ते यंत्र, जमिनीवरचा घास ओढून घेतं आणि मागून बांधलेली गाठ टाकतं. बघत बसावंसं वाटतं. पोरगा भल्या सकाळी येऊन बसला होता, पण यंत्र चालू करेना. ‘आजी, दव हाय. ओल्यात चोंदतं हे,’ म्हणाला. मी म्हटलं, ‘आणि ऊन चढल्यावर पाला गळेल त्याचं काय?’ तो म्हणाला, ‘त्येच्या आतच चालू करनार की.’ मग त्यानं मूठभर घास उचलला आणि पिळून बघितला. मी मूठभर उचलून कानाशी धरला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसलो. ‘अजून चहा हुईल एक,’ तो म्हणाला. माझंही तेच मत होतं. विक्रम मोबाइलवर हवेतला ओलावा बघत होता. त्याचंही उत्तर आमच्याशी जुळलं, तेव्हा मी मोबाइलला शाबासकी दिली.

तर मी चौदा-पंधरा वर्षांची असतानाच्या एका सुगीत काढणी झाली, कडबा वाळत पडला आणि नेमका तेव्हा आत्याच्या लेकीचा, सुमनताईचा, निरोप आला. ती इंदापूरला दिलेली. पहिलं बाळंतपण सासरीच होणार होतं आणि दिवस भरत आले होते. आत्यानं डिंक, खारका, अळीव असं गाठोडं बांधलं. ते बांधताना चेहरा फुललेला आणि मधूनच वर रानाकडं बघून कपाळाला आठ्या. संध्याकाळी तात्या आणि मास्तर ओसरीवर आले. आबांनीच विषय काढला, ‘आक्का, तू चाललीस, आता हाळी कोन देनार?’ तात्यांनी मिशीवर हात फिरवला. आपल्याशिवाय दुसरं कुणी नाहीच, असं त्यांना वाटत असावं. आत्या गाठोड्याची गाठ मारत म्हणाली, ‘शाली देईल.’

शाली म्हणजे मी. मी दारात बसून तांदूळ निवडत होते. ते सुपातून सांडले. तात्या आधी हसले, मग कुणीच हसत नाही हे बघून थांबले आणि म्हणाले, ‘पोरीच्या जातीनं तीन घरं उठवायची? तिचं ऐकून कोन उठंल?’

‘मी काय पोराच्या जातीची हाय व्हय रं?’ आत्या म्हणाली. ‘इतकी सालं माजं ऐकून उठलास न्हवं?’

मास्तर खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवून हसले. तात्यांना बहिणीपुढं बोलता येईना, पण जाता जाता आबांना म्हणालेच, ‘तुजा कडबा हाय तवर चालू दे. माज्या कडब्याला जर का तिचं चुकलं, तर फुडल्या सालापास्नं हाळी माज्याकडं. आक्का असली तरी आन् नसली तरी. सांगून ठेवतो.’ आबा ‘बरं’ म्हणाले. आबा सगळ्यालाच बरं म्हणायचे, पण ते ‘बरं’ मोडायचे नाहीत. म्हणजे माझं चुकलं, तर आत्याची हाळी माझ्यामुळं आत्याच्याच हातून जाणार होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे एसटीला जायच्या आधी आत्या मला वर घेऊन गेली. ताटं माझ्या हातात दिली. ‘कानाशी धर. वाजतंय न्हवं? वाजतंय तवर कुनाला उठवायचं न्हाय. गप झालं की हाळी. हाताला पानी लागलं, तर सगळ्यास्नी बसवून ठेवायचं.’

‘आभाळ आलं तर?’

‘आभाळाखाली दहिवर पडत न्हाय. आभाळ फाटलं आन् वारा पडला, की मग पडतं. उशिरा पडतं, पन पडतं.’

‘आन् माजं चुकलं तर?’

‘तर तात्या हाय की. वर्षभर बोलंल. त्येला तेवढाच इरंगुळा.’ असं म्हणून तिनं माझ्या पाठीत एक धपका दिला आणि गाठोडं उचलून सडकेकडं निघाली. एकदाही मागं बघितलं नाही. मला त्या वेळी रडूच आलं. आज वाटतं, मागं बघितलं असतं तर ती गेलीच नसती.

आमचा कडबा नीट झाला. पहिल्या पहाटे ‘तात्याऽ’ म्हणून जी हाक निघाली ती आमच्या कोंबड्यालाही ऐकू गेली नसेल. मग मला माझाच राग आला आणि त्या रागात दुसरी हाक मारली, ती खालून रत्नाकाकींच्या ‘आले गंऽ’ला जाऊन भिडली. तात्या सर्वांत शेवटी आले, जांभया देत, डोक्याचा पटका हातात. माझ्याकडं न बघता कडबा उचलला, हलवला, आणि बांधायला लागले. चूक सापडली नाही याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. पुढं सगळ्या पहाटा तशाच गेल्या. दहिवर भरघोस पडत होतं, आभाळ स्वच्छ होतं. मी शेफारले. आईला म्हणाले, ‘यात काय एवढं?’ आईनं उलथनं माझ्याकडं रोखून ‘अजून तात्याचा कडबा हाय,’ एवढंच म्हटलं.

तात्यांची पाळी आली त्याच्या आदल्या संध्याकाळी आभाळ आलं. नुसतं आलं नाही, खाली उतरलं. वारा सुटला. त्या दिवसांत पाऊस पडला की कडबा भिजून काळा पडतो, मग तो ना खायचा ना विकायचा. तात्यांची खिल्लार जोडी होती, सोन्या आणि राजा. तात्या त्या बैलांशी जितकं गोड बोलायचे तितकं घरात कुणाशी बोलत नसत. संध्याकाळी ते दोन-तीनदा आमच्या दारावरून गेले, आभाळाकडं बघत. मला म्हणाले नाहीत काही. मीच गोधडीत पडल्या पडल्या सगळं म्हणून घेतलं.

पहाटे वर गेले तर कडबा खणखणीत वाजत होता. आभाळ तसंच. परत आले, चुलीपुढं बसले, आईनं न विचारताच चहाचं आधण ठेवलं. पुन्हा जायला उठले आणि तेवढ्यात खालून हाळी आली. माझी नाही, तात्यांची. ‘ए आबाऽ! ए मास्तरऽ! उठाऽ! दहिवर पडून ठिबकाय लागलं, आन् पोरगी झोपलीया!’

मी पळतच बांधावर गेले. कालव्याचा पूल ओलांडून सगळी वरात येत होती. पुढं तात्या, मागं त्यांची सून हिरावहिनी, मग पँट दुमडलेले मास्तर आणि रत्नाकाकी, आणि आमच्या घरातून डोळे चोळत आबा. तात्यांच्या हातात उसाचं पान होतं, टोकाला पाण्याचा थेंब लोंबत असलेलं. ते त्यांनी माझ्या नाकापुढं धरलं. ‘हे काय हाय? घाम हाय व्हय उसाचा?’

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तात्यांच्या उसाला त्या रात्री कालव्याचं पाणी चालू होतं. कालव्याखालच्या माणसाची ही नेहमीची गफलत. त्यांच्या दारात बारमाही ओल, ऊस पाण्यात उभा, पानांची टोकं पहाटे ओली असायचीच, दहिवर असो नसो. त्यांनी दार उघडलं, पान ओलं बघितलं आणि वरच्या माळाचाही निकाल लावून टाकला. मी म्हटलं, ‘तात्या, ते खालचं पानी हाय. हितं न्हाय पडलं अजून.’

‘मला शिकवतीस?’ म्हणून ते वाकले, कवळाभर कडबा उचलला आणि गुडघा देऊन आवळला. जो आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला. पापड मोडावा तसा. पाला त्यांच्या पायावर झडला. तरी त्यांनी बंध मारला. दुसरी पेंढी घेतली, तिचंही तेच. तिसरीला हात घातला तेव्हा हिरावहिनी पदराआडून म्हणाली, ‘मामंजी, सोन्या-राजानं चिपाडं खायची का यंदा?’ बैलांचं नाव निघालं आणि तात्यांचा हात थांबला. खाली पडलेल्या पाल्याकडं बघत ते उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो त्या क्षणी गेला. फार घाबरले होते ते.

‘न्हाय बांधावा तर वर पाऊस उभा,’ ते म्हणाले. आता आवाज खाली आला होता. ‘भिजला म्हंजी संपलंच की. मग काय करू, सांग.’

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, आबा काहीतरी बोलतील. आबाही माझ्याकडंच बघत होते. मी आभाळाकडं बघितलं. घरातून निघताना वाऱ्यानं पदर, म्हणजे तेव्हा ओढणीच, उडत होती, ती आता अंगाला चिकटून होती. वारा पडला होता. आणि नीरा नदीच्या बाजूला आभाळाची कड उसवल्यासारखी झाली होती, तिथून एक चांदणी दिसत होती. मी म्हटलं, ‘थांबायचं. वारा पडलाय, आभाळ फाटतंय. दहिवर येनार.’

‘आन् पाऊस आला तर?’

‘तर माजं चुकलं.’

तात्या काही बोलायच्या आत आबा बांधावर खाली बसले आणि धोंड्यांच्या आडोशाला काटक्या गोळा करायला लागले. आबा बसले म्हणजे त्यांचं मत झालं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तरांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघून एक लांब श्वास सोडला आणि तेही बसले. शेकोटी पेटली. आई किटली घेऊन वर आली, गुळाचा कोरा चहा, त्यात आलं ठेचलेलं. कपबश्या पुरेनात म्हणून रत्नाकाकी आणि हिरावहिनी एका कपात प्यायल्या. मास्तर म्हणाले, आज शाळेत उशीर झाला तर हेडमास्तरांना काय सांगू, आभाळ फाटायची वाट बघत होतो म्हणू? रत्नाकाकी म्हणाल्या, ‘सांगा की बायकूनं सोडलं न्हाय. त्येंचं बी लगीन झालंय, कळंल त्यास्नी.’ सगळे खदखदून हसले. मीही हसले, पण माझे कान कडब्याकडं आणि डोळे आभाळाकडं. तात्या शेकोटीपासून लांब, आपल्या कडब्यात उकिडवे बसले होते. आईनं चहा नेऊन दिला तो त्यांनी घेतला, पण तोंडाला लावलाच नाही.

आभाळ फाटत गेलं. एका चांदणीच्या चार झाल्या, मग माळावरचं सगळं आभाळच मोकळं झालं. गारठा एकदम खाली आला, शेकोटीशी बसलेल्यांनी पाय जवळ घेतले. मी उठले, ताटं उचलून कानाशी धरली. अजून वाजत होती, पण बारीक. पुन्हा बसले. पुन्हा उठले. तात्या माझ्या प्रत्येक उठण्याकडं बघत होते आणि मी त्यांच्याकडं न बघायचा आटापिटा करत होते. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा ताटं हलवली, आणि काहीच ऐकू आलं नाही. मला आधी वाटलं, थंडीनं माझे कान बधिर झाले. दुसरी मूठ घेतली, तिसरी घेतली. पान बोटाभोवती गुंडाळलं, ते दोऱ्यासारखं वळलं, मोडलं नाही. हात कोरडा. जीव असा भांड्यात पडला म्हणता! मी बांधावर चढले आणि छाती भरून हाळी दिली, ‘तात्याऽ! मास्तरऽ! रत्नाकाकीऽ! हिरावहिनीऽ! आबाऽ! चलाऽ! दहिवर पडलंऽ!’

‘अगं, हितंच हाय की आमी!’ आबा कानावर हात ठेवून ओरडले. मास्तरांच्या हातातला चहा सांडला. पण हाळी ती हाळी, ती नावं घेऊनच द्यायची, माणसं पुढ्यात बसली असली तरी. हसत हसतच सगळे उठले आणि जे कामाला लागले, तसं काम मी पुन्हा पाहिलं नाही. नुसता पेंढ्या आवळल्याचा आवाज आणि कुणाच्या तरी बांगड्यांचा. दिवस उगवायची वेळ झाली आणि आमची धाकधूक वाढली, कारण ऊन आलं की वेळ सरली. पण पांगलेलं आभाळ सगळं उगवतीला जाऊन बसलं होतं. सूर्य त्याच्या आड असा काही अडकला की बराच वेळ वर आला तरी ऊन म्हणून पडेना. ज्या आभाळानं आम्हाला ताटकळत ठेवलं, त्यानंच ती वेळ परत केली. शेवटची पेंढी तात्यांनी बांधली आणि तेव्हा कुठं माळावर ऊन पडलं. मास्तर अंगावरचा पाला न झाडताच सायकलवर बसले. केसात एक लांब पान तसंच होतं. ते शाळेपर्यंत गेलं, असं रत्नाकाकींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

न्याहारीला तात्या माझ्यासमोर बसले. ठेचा लावून भाकरी संपवली. मग हात धुतले, पटका डोक्याला गुंडाळला आणि उठता उठता म्हणाले, ‘फुडल्या साली हाळी द्यायला पूल वलांडून माज्या दारात यायचं. हितनं वरडलेलं मला नीट ऐकू येत न्हाय.’ असं म्हणून खाली चालू पडले. आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं. आईनं माझ्या पानात न विचारता दह्याचा मोठा गोळा वाढला.

दोनेक दिवसांनी आत्या परतली. सुमनताईला मुलगी झाली होती, आत्या पेढे घेऊन आली. तिला ओसरीवर बसवून सगळ्यांनी एकदमच सगळं सांगितलं, आबांनी माझ्या ओरडण्याची नक्कलही केली. तिनं ऐकून घेतलं, हसली, आणि तात्यांच्या गंजीकडं जाऊन एक पेंढी ओढून बघून आली. मास्तरांचा कडबा अजून राहिला होता, दुसऱ्या दिवशी पहाटे त्याची पाळी. आता आत्या आली होती म्हणजे हाळी तिची. ते योग्यच होतं. तरीही जेवताना मी अर्धी भाकरी तशीच ठेवली आणि लवकर जाऊन झोपले.

पहाटे जाग आली तेव्हा सवयीनं उठून बसले, मग आठवलं आणि पुन्हा आडवी झाले. आत्या एव्हाना वर जाऊन आली असेल. कूस बदलली तर ती शेजारीच होती. गोधडी हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे टक्क उघडे. किती वेळची जागी होती कोण जाणे. मी घाबरूनच म्हटलं, ‘आत्या, अगं, बघायला जायचं न्हाय व्हय? येळ हुईल.’

‘मग जा की,’ ती छताकडं बघत म्हणाली. ‘मला कशाला उठवतीस? तू हाळी दिलीस म्हंजी उठंन मी.’

मी वर गेले. मास्तरांच्या रानातली ताटं कानाशी धरली. ती गप होती आणि हात कोरडा होता. बांधावर उभी राहिले, आणि त्या पहाटे सगळ्यांच्या आधी मी आत्याच्या नावानं हाळी दिली. खालून, आमच्या घरातून, सगळ्यांच्या आधी तिचीच ‘ओ’ आली.